पुण्याचं पाणी, काळाचौकीची गॅलरी

मंडळी, कंबर दुखतेय, पण हसू काही थांबत नाहीये.

सकाळी आमच्या मुंबईतल्या चाळीच्या ग्रुपवर आईने कुठूनतरी आलेला मेसेज ढकलला: ‘उद्यापासून दोन दिवस पाणी बंद.’ झालं! घराघरांत पिंप, हंडे, कुकर, अगदी मोदकपात्रसुद्धा भरलं. मग मी तो मेसेज शेवटपर्यंत वाचला. पाणी पुण्याचं बंद होतं!

ग्रुपचे ॲडमिन परबकाका भडकले. “आता इथे फक्त मीच लिहिणार,” असं टाकून त्यांनी बाकी सगळ्यांचं लिहिणं बंद केलं.

आई तडक गॅलरीत गेली आणि ओरडली, “परबांनू, ग्रुप बंद केलात, माझा तोंड कसा बंद करतलात?”

अख्खी चाळ हसत बाहेर आली. एवढ्या पाण्याचं करायचं काय? सगळ्यांनी मिळून गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत धुतली. लेंगा दुमडून, खराटा घेऊन परबकाका सगळ्यांच्या पुढे!

संध्याकाळी त्यांनी ग्रुप उघडला, पण एक नियम घालून. मेसेज पुढे पाठवायच्या आधी गॅलरीत येऊन मोठ्याने वाचायचा. शेवटपर्यंत.

आमचं भागलं. तुमच्या ग्रुपला गॅलरी आहे का?