फोनमधे लाल नव्हतं

त्या दिवशी घरात मी होती, सून होती, खाटेवर आमचा बुढा म्हणजे माहा नवरा होता, अन् भिवापूरची भावजय फोनमधे होती. पोरगा कन्हानले ड्युटीवर गेलता, म्हणून त्याले धरत नाही. जे झालं ते आमच्या चौघायतच झालं.

पहिले डोळ्याचं सांगते. दोन वर्षं झाले, माह्या दोन्ही डोळ्यायत मधोमध डाग पडला. बाजूचं दिसते, पण ज्याच्याकडे पाहावं नेमकं तेच दिसत नाही. माणसाचे कान दिसते, तोंड नाही दिसत. डॉक्टरनं सांगतलं, गेलं ते परत येत नाही, राहिलं त्याच्यावर चालवा. मी म्हटलं, ठीक आहे. राहिलं त्याच्यावर चालवाची मले सवय आहे.

दुसरीत शाळा सुटली अन् मी मिरचीच्या सातऱ्यात बसली. सातरा म्हणजे मिरची वाळवाचं, निवडाचं आवार. बायायनं रांगेत बसायचं, देठ खुडायचे, काळी-पांढरी पडलेली बाजूले काढायची. दिवस बुडेपर्यंत तेच. हाताची अशी आग होये का लेकराले कोपरानं धरावं लागे. भावजय माह्याच बाजूले बसे, खाली अंथराले दोघींत एक बोरा. नागपूरले आली तरी मिरचीची पारख हातातून गेली नाही. वाचाले शिकली ते मोठेपणी, पोराच्या पुस्तकातून. तो मोठ्यानं वाचे अन् मी भाकर थापता थापता अक्षरं पाहो. कोनी शिकवलं नाही, म्हणून ते जाऊ द्याचं माह्या जिवावर आलं होतं.

दवाखान्यातल्या एका बाईनं सुनेले सांगतलं, फोनमधे अक्षर मोठे करून द्या, उजेड कमी करून द्या. सुनेनं एका दुपारी बसून सारं केलं. अक्षर केलं एस.टी.च्या पाटीएवढं. एका वेळेस तीनच शब्द दिसे, बाकीचं बोटानं वर सरकवावं लागे. मागचं पांढरं होतं ते काळं केलं, अक्षर पांढरं. शाळेतली पाटी आठवली. तीन टिचक्या मारल्या का फोटोही जवळ येये.

बुढा म्हणे, "फोन वाचून राहिली का भिंत वाचून राहिली वं? समोरच्या फ्लॅटवाल्यालेही दिसून राहिलं."

मी म्हटलं, "त्यायले वाचू द्या जी. तुमच्यापेक्षा तरी वाचते ते."

मी खूष होती. तरी फोनची चमक डोळ्यात टोचे. मंग हे झालं त्याच्या दोन दिवस आधी सुनेनं आणखी काहीतरी केलं. तिनं तेव्हा सांगतलं म्हणते. मी कुकरच्या शिट्ट्या मोजून राहिली होती, मले ऐकू आलं नाही.

आता मिरचीचं. मनीषनगरात आमच्या बिल्डिंगीतले सहा घरं वर्षाची मिरची माह्या शब्दावर घेते. दर वर्षी भावजय आधी फडक्यात बांधून मूठभर वानगी पाठवते. मी मोडून पाहते, वास घेते, मंग सांगते, पाठव. औंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, येणं-जाणं बंद, म्हणून तिनं वानगीच्या जागी फोटो पाठवला. तिकडे पोरगा आधीच म्हणून राहिला होता, "आई, आता तुले दिसत नाही, पाकिटातलं तिखट आणू आपण." मी त्याले काही बोलली नव्हती. पण हे एक काम गेलं का मंग मी घरात नुसती जेवाले बसणारी, हे मले समजत होतं.

फोटो आला. तीन टिचक्या मारल्या. तोंड तिरपं करून बाजूच्या नजरेनं पाहिलं. मिरची राखेवानी, काळपट. ओली असताना बोऱ्यात भरली का अशीच होते. हजार वेळा पाहिली आहे. मी फोनमधे बोलून मेसेज पाठवला, "ओलीच भरली तू. काळी पडली. पाठवू नोको."

पाच मिनिटं नाही झाले तं फोन वाजला. सुनेनं स्पीकरवर टाकला.

"बाई, माह्या मिरचीले काळी म्हणता?"

"जे दिसलं ते म्हटलं वं."

"एका बोऱ्यावर बसलो आपण दोघी. ओली मिरची मी भरीन काय? पंधरा दिवस उन्हात माह्या डोळ्यासमोर वाळली. मी वॉकर घेऊन अंगणात जाऊन पाहो."

"मंग नीट नाही पाहिलं."

"मी नाही पाहिलं? अन् तुम्ही पाहिलं?" एवढं बोलली अन् थांबली. मंग हळूच म्हणे, "जाऊ द्या बाई. यंदा दुसरीकडून घ्या." फोन ठेवला.

बुढा खाटेवरून म्हणे, "झालं. आता जन्मभर अळणी खा."

कोनी हासलं नाही. ती जे बोलता बोलता थांबली, ते मले पुरं ऐकू आलं होतं.

मी फोन घेऊन बसली. पोराच्या लग्नाचा फोटो काढला. त्यातला सुनेचा शालू मी स्वतः घेतला होता, कुंकवाच्या रंगाचा, दुकानदारानं वीस काढले तेव्हा हा भेटला. फोटोत तो शालू राखेवानी. मळवटही राखेवानी. मले वाटलं, मधला डाग होताच, आता रंगही गेला. मिरचीले उगीच बोलली.

पण सातऱ्यात एक शिकली होती. शंका आली का उजेडात नेऊन पाहायचं. सैपाकघरात गेली, तिखटाचा डबा काढला, खिडकीपाशी चिमूटभर तळहातावर घेतलं. लाल. चांगलं लालभडक. लुगड्याचा काठ पाहिला, हिरवा. म्हणजे डोळ्याले रंग दिसते. फोनले दिसत नाही.

मी सुनेले हाक मारली, "ह्या फोनमधे लाल नाही काहून वं?"

ती पीठ मळून राहिली होती. तशाच हातानं आली, अन् फोन पाहून ओरडलीच. "आई, मीच रंग बंद केले ना परवा! चमकते म्हणता ना तुम्ही. काळं-पांढरं असलं का टोचत नाही म्हणून केलं. मी सांगतलं होतं."

"मी ऐकलं नाही."

"मीही दुसऱ्यांदा सांगतलं नाही."

तिचा चेहरा मले दिसत नाही, पण आवाज रडका झाला होता. मी म्हटलं, "रडू नोको, पिठाचे हात धू. अन् मले दाखव कुठं बंद केलं ते. तू करू नोको. माह्या बोटानं होऊ दे."

तिनं सांगतलं, वरून खाली बोट ओढा. गोल गोल येते. दुसऱ्या रांगेत शेवटचा. मी चार वेळा चुकली. एकदा फोनची बॅटरीच पेटली, उजेड बुढ्याच्या तोंडावर. तो म्हणे, "मी अजून जिता आहो वं." पाचव्या वेळेस लागलं. अक्षर मोठंच ठेवलं, मागचं काळंच ठेवलं, फक्त रंग चालू केले. मिरचीचा फोटो उघडला.

लाल होती. अशी लाल का मले सातऱ्यातलं ऊन आठवलं.

भावजयले मीच फोन लावला. फोन चुकला म्हणाचं तोंडावर आलं होतं. ते म्हटलं नाही. म्हटलं, "मी चुकली वं. रंग बंद होते. मिरचीले बोलाच्या आधी मी माह्याकडे पाहाले पायजे होतं."

ती म्हणे, "आता लाल दिसली का? का बटन दाबून लाल केली?"

"बटन दाबूनच केली. पाठव आता."

"नाही पाठवत. आधी वानगी पाठवते. हातात घेऊन सांगा. मले फोटोवर सर्टिफिकीट नोको."

तिसऱ्या दिवशी एक गाववाला एस.टी.नं फडकं घेऊन आला. मी एक मिरची कानापाशी हालवली, बिया वाजल्या. मोडली तं कट्‌कन मोडली. बुढ्याले सात शिंका आल्या. पोरगा ड्युटीवरून आलता, दारातच शिंकला अन् पाकिटाचं नाव त्यानं त्या दिवसापासून काढलं नाही. सहाही घरायची मिरची भिवापूरचीच आली.

हे मी सांगतलं, सुनेनं फोनमधे लिहिलं, अन् मी तीन-तीन शब्द करून पुरं वाचून पाहिलं. वाचणाऱ्याले एकच मागते. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनमधे काही बदललं, तं त्याले जवळ बसवून सांगा, कुकर वाजत असल तं बंद करून सांगा, अन् ते परत कसं करायचं हे त्याच्या बोटानं करू द्या.