एक-बारा, दोन-अकरा

पुस्तक सुचवणं हे काम मला येतं. बाकी बऱ्याच गोष्टी येत नाहीत. स्कूटर येत नाही, चारचौघांत बोलणं येत नाही, चकल्या कधी जमल्या नाहीत. पण आठवी-नववीतलं मूल समोर उभं असलं की त्याच्या हातात काय ठेवायचं हे मला बहुतेक वेळा कळतं. अमरावतीच्या एका शाळेत मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. त्यामुळे हे मी फुशारकीनं म्हणत नाही, शिंप्यानं अंगावर नजर टाकून माप सांगावं तसं म्हणते.

‘तुला कोणतं पुस्तक आवडतं?’ असं मी मुलांना विचारत नाही. आवड विचारली की मुलं मोठ्यांना बरं वाटेल ते सांगतात. मी विचारते, ‘मागचं पुस्तक कुठं सोडलंस?’ पहिल्यांदा मुलं गांगरतात, कारण पुस्तक अर्धवट सोडणं हा गुन्हा आहे असं त्यांना घरी आणि वर्गात सांगितलेलं असतं. गुन्हा नाही हे कळलं की खरं बोलतात. वसतिगृहात राहणारी, धारणीकडच्या जंगलपट्ट्यातली एक सातवीतली मुलगी होती. तिला कोणीतरी जंगलावरची कादंबरी दिली होती, ‘तुमच्याकडचंच आहे’ म्हणून. कुठं सोडलंस विचारलं तर म्हणाली, पान अकरावर. का, तर अकरा पानांत तीन वाघ झाले होते, आणि तिनं जन्मात एकदाही पाहिला नव्हता. मी तिला रेल्वे स्टेशनालगतच्या वस्तीत राहणाऱ्या दोन बहिणींची कादंबरी दिली. तिनं ती दोनदा वाचली. तिच्या गावात रेल्वे नाही.

माहितीच्या पुस्तकांचंही तसंच. यशस्वी कसं व्हावं, आत्मविश्वास कसा वाढवावा, ही पुस्तकं आईवडील वाचतात. मुलं मुखपृष्ठावरच्या माणसाचा टाय बघून परत ठेवतात. माझ्याकडची खरी झिजलेली पुस्तकं वेगळी आहेत. झोप आणि स्मरणशक्ती यांच्यावरचं एक आहे, दहावीच्या मुलांमध्ये ते फिरत असतं. अर्ज कसे लिहावेत, दाखला कुठं मिळतो, तक्रार कोणाकडं करायची हे सांगणारं एक आहे. त्याला मी तीनदा पुठ्ठा चढवला. मुलींच्या शरीरात होणाऱ्या बदलांवरचं पुस्तक मी दर्शनी ठेवत नाही. ते विज्ञानाच्या प्रयोगांच्या मागं असतं, आणि ते तिथं असतं हे अख्ख्या आठवीला ठाऊक असतं. ते कोणी नेलं हे मी लिहून ठेवत नाही. आजवर ते एकदाही हरवलेलं नाही.

दीड वर्षापूर्वी हे गेले. क्रीडाशिक्षक होते, कबड्डीचे पंच. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, नंतर पुस्तकं येऊ लागली. मी पुस्तकातली बाई, म्हणून भेटायला येणारा प्रत्येक जण पुस्तकच आणी. अकोल्याहून माझा भाऊ तीन घेऊन आला. सगळी दुःखावरची, मृत्यूवरची, मन शांत ठेवण्याबद्दलची. चांगलीच असतील. मला नवव्या पानापुढं जाता येईना. दुसरीही कुठली पुस्तकं वाचता येईनात. डोळे ओळीवरून जायचे आणि हाती काही लागायचं नाही. शाळेत मात्र मी पूर्वीच्या वाचनाच्या जोरावर पुस्तकं सुचवत राहिले, आणि कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

अशात या वर्षी संक्रांतीनंतर नववीतल्या एका मुलीचे वडील गेले. राजापेठेत त्यांचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. शेतातल्या पंपाच्या मोटरी जळाल्या की त्यांत तांब्याची नवी तार भरून द्यायचे. दुकानात बसल्या बसल्या हृदयविकाराचा झटका आला. मुलगी दहा दिवसांनी शाळेत आली, पण वर्गात बोलेना, वही उघडेना. वर्गशिक्षिका माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की तुमच्या घरी तसंच झालं आहे, तुम्हीच तिला काही तरी वाचायला द्या.

तिथं मी चुकले. मी तिला माझा नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. वडील गेल्यावर आईबरोबर दुसऱ्या गावी राहायला जाणाऱ्या मुलीची एक कादंबरी काढली आणि तिच्या हातात ठेवली. कादंबरी चांगली आहे, हळुवार लिहिलेली आहे. दुसऱ्या दिवशी तिनं ती परत आणली. छान आहे म्हणाली. नव्या पुस्तकाची पानं कडेला किंचित चिकटलेली असतात. ती तशीच चिकटलेली होती. मी तिला दुसरी कादंबरी दिली, तीही तशीच परत आली. माझा भाऊ माझ्याशी जसा वागला होता तशीच मी तिच्याशी वागत होते, हे समजायला मला दोन आठवडे लागले.

तिसऱ्या वेळी मी कपाट उघडलंच नाही. तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, “मागचं पुस्तक कुठं सोडलंस?”

तिनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “पुस्तक नाही सोडलं मी, मॅडम. बाबानं मोटर सोडली अर्धी.”

मग तिनं सगळं सांगितलं. दुकानाचं शटर पाडव्यापासून दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरलं होतं, आणि तो आधी भिंती रंगवून घेणार होता. सामान आवरायला ती आईबरोबर गेली. टेबलावर तिवस्याच्या कोण्या शेतकऱ्याची मोटर अर्धी उघडी पडली होती. टेबलामागच्या भिंतीवर वडिलांच्या हातचं पेन्सिलीनं बरंच काही लिहिलेलं होतं. त्यात आईची नजर एका ओळीवर गेली. ‘तिवसा’ असं लिहून पुढं होतं: २४, ४२, १-१२, २-११. आई तिथंच खाली बसली.

मला त्यात खाली बसण्यासारखं काही दिसेना. मुलीनं समजावून सांगितलं. तिच्या वडिलांचं वय बेचाळीस होतं. आणि दोन नोव्हेंबरला ते एकटेच नागपूरला गेले होते, तार आणायला म्हणून. परत आले ते थकलेले, जेवले नाहीत. आईनं आता, चोवीस तेवढा सोडून, त्या आकड्यांची संगती लावली होती: वय बेचाळीस, दोन-अकराला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, एक-बाराला परत बोलावलं होतं. माणसाला आजार ठाऊक होता आणि त्यानं तो घरी सांगितला नाही. सांगितला असता तर काही करता आलं असतं. मागच्या वर्षीचं कॅलेंडर अजून त्यांच्या घरी खिळ्यावर होतं, नोव्हेंबरचं पान वर करून. आई येता-जाता त्यासमोर उभी राहायची. आणि कोणाला विचारायलाही तयार नव्हती, कारण समोरच्यानं ‘हो’ म्हटलं तर पुढं काय करायचं.

“फोटो आहे आमच्या फोनमध्ये,” मुलगी म्हणाली. “पण मले ते वाचता नाही येत. या तारखा आहेत का, मॅडम?”

मला माहीत नव्हतं. मोटरीबद्दल मला एवढंच ठाऊक की बटण दाबलं की टाकीत पाणी चढतं. पण माहीत नसणं वेगळं आणि ते कुठं सापडेल हे माहीत नसणं वेगळं, आणि या दुसऱ्या बाबतीत मला सहसा अडचण येत नाही. शाळेत कधीकाळी तांत्रिक विभाग होता. तो बंद झाला तेव्हा त्याची पुस्तकं ग्रंथालयात आली आणि शेवटच्या कपाटाच्या खालच्या फळीवर गेली. वर्षातून एकदा मोजणीच्या वेळी मी त्यांवरची धूळ झटकते. तिसरं पुस्तक मोटर वाइंडिंगचं निघालं. करड्या पुठ्ठ्याचं, आकृत्यांनी भरलेलं, एकदाही कोणी न नेलेलं.

आम्ही दोघींनी ते टेबलावर पसरलं. सुरुवातीची पानं मला अवघड गेली, तिला माझ्याइतकी नाही. शाळेतून आल्यावर दुकानातल्या स्टुलावर बसून ती गृहपाठ करायची, शब्द तिच्या कानावरून गेलेले होते. मधल्या एका पानावर मोठं वर्तुळ होतं, मोटरीच्या आतल्या गोल भागाचं. त्याला कडेनं चोवीस खाचा दाखवल्या होत्या, घड्याळासारखे आकडे घालून. एका खाचेतून तार निघून दुसरीत शिरते हे कमानींनी काढलं होतं. एक नंबरची तार बारामध्ये जात होती. दोन नंबरची अकरामध्ये. खाली कोष्टक होतं: खाचा, आटे, तारेची जाडी. आटे म्हणजे तारेचे वेढे, एका गुंडीत किती घ्यायचे ते.

तिनं बोट एकवर ठेवलं आणि कमानीवरून बारापर्यंत नेलं. मग दोनवरून अकरापर्यंत. मग वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून आणलेली ओळ पुस्तकाशेजारी धरली. चोवीस खाचा. बेचाळीस आटे. एक-बारा, दोन-अकरा. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, पण आम्ही दोघी बसूनच राहिलो.

“म्हंजे बाबा नागपूरले तारच आणाले गेले होते,” ती म्हणाली.

पुस्तकावर ‘फक्त ग्रंथालयात वाचण्यासाठी’ असा शिक्का होता, म्हणून त्या दिवशी ती ते न घेताच गेली. शनिवारी सकाळची शाळा सुटताना तिची आई आली. सडपातळ बाई, पदर खांद्यावरून घेतलेला, हातात रिकामी पिशवी. दारातच थांबून म्हणाली की पोरीनं सांगितलं, पण पोर आहे, आईचं मन राखायला काहीही सांगेल. मी आकृतीचं पान उघडून दिलं. मुलीनं पुन्हा बोट फिरवून दाखवलं. बाईनं पानावर तळहात ठेवला, शाई ओली आहे का बघावं तसा.

“हे छापलेलं आहे ना?” तिनं मला विचारलं.

मी हो म्हटलं.

“कधीचं आहे?”

तो प्रश्न मला फार नेमका वाटला. मी पहिलं पान काढून दाखल नोंदीची तारीख दाखवली. पुस्तक तिच्या मुलीहून वयानं मोठं होतं. तिची समजूत घालायला ते कोणी मुद्दाम छापलेलं असणं शक्य नव्हतं. तिनं तारीख दोनदा वाचली. मग ती आणि तिची मुलगी एकाच बाकावर बसल्या आणि मी उगीचच कार्डांचा खण आवरत राहिले. आई एवढंच म्हणाली, “मी त्या माणसाले इतके दिवस मनात बोल लावून राहिली होती.”

मी पुस्तक तिच्या पिशवीत घातलं. शिक्क्याचा नियम माझाच होता, त्यामुळे तो मोडताना कोणाला विचारावं लागलं नाही.

त्या दुपारी घरी आल्यावर मी यांची शिट्टीची पिशवी काढली. दीड वर्ष ती दाराच्या मागं टांगलेली होती. आत शिट्टी, घामानं कडक झालेला रुमाल आणि कबड्डीच्या नियमांची पातळशी पुस्तिका. तीस वर्षं मी या माणसाबरोबर राहिले आणि बोनस रेषा कशाला म्हणतात हे कधी विचारलं नाही. पुस्तिकेत जागोजाग यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका नियमाशेजारी लिहिलं होतं, ‘पोरं इथं भांडतात. शिट्टी लवकर.’ नवव्या पानाशी मी थोडी थांबले आणि पुढं गेले. रविवारी दुपारी ती संपली. वर्षभराहून जास्त काळात मी पूर्ण वाचलेलं ते पहिलं पुस्तक. मुलांच्या शिफारस यादीत आता मी तसली पुस्तकं मुद्दाम घालते: एखाद्या खेळाचे नियम, एखादं काम कसं करतात याची माहिती, घरातलं माणूस ज्यात आयुष्यभर गुंतलेलं होतं ते. कादंबऱ्यांच्या आधी घालते. त्यांचा उपयोग होतो, हे मी आता वाचून सांगते आहे.

पाडव्याच्या तोंडावर भिंत रंगवली गेली. त्याआधी मायलेकींनी सगळ्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. तिवस्याची मोटर वडिलांच्या ओळखीच्या एका कारागिरानं पूर्ण केली; आटे मोजायला मुलगी शेजारी बसली होती, प्रत्येक गुंडीला बेचाळीसपर्यंत, मोठ्यानं.

परीक्षेच्या आधी ती पुस्तक परत करायला आली. आकृतीच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. पान दुमडणाऱ्याला मी एरवी चांगलं सुनावते. तो कोपरा मी तसाच राहू दिला. आई कशी आहे विचारलं, तर म्हणाली, जुनं कॅलेंडर काढलं खिळ्यावरून, नवं लावलं.

मग ती कादंबऱ्यांच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, आता गोष्टीचं द्या, पण त्यात बाप नको.

मी रेल्वे स्टेशनाजवळच्या दोन बहिणींची कादंबरी काढली. “यात बाप आहे,” मी म्हटलं, “पण मरत नाही. शेवटाकडं जरा भांडतो.”

“भांडू द्या,” ती म्हणाली. “चालते.”