तिसऱ्या गल्लीची साक्ष

प्रा. नरहरी हंबर्डे सरांची आणि माझी ओळख लातूरची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. जिल्हा नुकताच झाला होता. पेंटर शिडी लावून कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होते आणि गावात प्यायला पाणी नव्हतं. सर मूळचे उमरीचे. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर इजिप्तचा नकाशा काढला आणि विचारलं, "ह्यांचं पाणी कोण भरायचं हो?" 

इजिप्त झालं, रोम झालं, चीन झालं, विजयनगर झालं. सरांचा प्रश्न काही बदलेना. सनावळ्या पाठ करून आलेली पोरं वैतागायची. मीही वैतागायचे, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न सरांनी आमच्या गावांवर आणला. ज्याने त्याने आपल्या गावच्या विहिरीचा इतिहास लिहायचा. अट एकच: तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसून विचारायचं. "एकाच गल्लीचं ऐकून लिहिलं तर ती कैफियत होते, इतिहास नाही," असं सर म्हणायचे.

ते दिवस फार ओढगस्तीचे होते. सरांच्या घरी दोन दिवसांआड पाणी यायचं, तरी सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आम्हा वसतिगृहातल्या मुलींना डोकं धुवायला दर रविवारी एक बादली राखून ठेवत. त्या बादलीची आठवण आली की आजही गहिवरून येतं.

माझं गाव चाकूरजवळचं, घर बौद्ध. मी आमच्या गल्लीत विचारलं, कोळ्यांच्या गल्लीत विचारलं. तिसरी गल्ली देशमुखांची, विहीर त्यांचीच. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. मग थोरल्या देशमुखीणबाईंची साक्ष मी घरी बसून स्वतःच लिहिली: ‘आम्ही त्या लोकांना थेंबभर पाणी देत नव्हतो.’ वाक्य झकास जमलं असं तेव्हा वाटलं होतं. आज लिहिताना लाज वाटते.

समोर बसून विचारलं, या माझ्या शब्दावर सरांनी तो निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात छापला. आणि त्या बाईंचे चिरंजीव निघाले आमच्या संस्थेचे संचालक! तातडीने बैठक बसली. मला कॉलेजातून काढायचं चाललं होतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सरांची नोकरीही तेव्हा कायम झालेली नव्हती. दाराबाहेर उभी राहून मी ऐकत होते. सर ठासून सांगत होते, "पोरीनं समोर बसून विचारलंय. मला काढा, पण ती ओळ निघणार नाही."

 चहासाठी बैठक थांबली, तसे सर व्हरांड्यात आले. मी कशीबशी बोलले, "सर, म्या विचारलंच न्हाई. लई भ्याले."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. ते ओरडले नाहीत. नुसते चष्मा पुसत राहिले. "वाईट केलंस," एवढंच म्हणाले आणि आत गेले. संपलं आपलं शिक्षण, असं मला वाटलं. आतून त्यांचा आवाज आला, "ती साक्ष खरी नाही. छापण्याआधी तपासणं माझं काम होतं, मी ते केलं नाही. आठ दिवस द्या, खरी साक्ष आणतो."

"आणि त्या पोरीचं काय?" कुणीतरी विचारलं.

"ती शिकायला आली आहे, मी शिकवायला. चूक माझी."

रविवारी एसटीने आम्ही गावी गेलो. सर गल्लीच्या तोंडाशी थांबले. "मी हितंच हाय. जा, विचार." देशमुखीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. निबंधातली ओळ ऐकून काय भडकल्या म्हणता!

"थेंब देत न्हवतो? कोन म्हन्लं? देत व्हते की! वरून वतायची म्या. तुझी आजी खाली घागर धरून बसायची, दिसदिसभर. माझ्या मनात यील तवा वतायची." बाईंची नजर माझ्या वहीकडे गेली. मग हळूच म्हणाल्या, "लिही. माझं नाव घालून लिही. आन् माझ्या पोराला बी दाखीव."

पुढच्या वर्षीच्या अंकात ते तसंच्या तसं छापलं गेलं; त्याआधी, आठ दिवसांच्या आत, सरांनी ते बैठकीपुढे ठेवलं. आईचं नाव पाहून संचालक गप्प बसले, माझं शिक्षण वाचलं. सरांनी माझे गुण मात्र कापले ते कापलेच. माझा पहिला वर्ग चार गुणांनी हुकला. तो राग अजून आहे, सर! पण तुमचं कायम होणं तीन वर्षं लांबलं, हे मला फार उशिरा, मी स्वतः इतिहास शिकवायला लागल्यावर कळलं.

सर पुढे नांदेडला गेले, त्यांनी कितीक पिढ्या घडवल्या. तरी जुनी मंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "हंबर्डे एकदा साक्ष तपासायला विसरले होते बरं का!" सर हसून सोडून देतात. मंडळी, सर विसरले नव्हते. त्यांनी विश्वास ठेवला होता आणि मी त्यांना फसवलं होतं. इतकी वर्षं हे ना त्यांनी कुणाला सांगितलं, ना मी.

सर, पंचाहत्तरी झाली, आता ठणठणीत तब्येतीने शंभरी गाठा. हा लेख मी मुद्दाम तुम्हाला आधी दाखवलेला नाही. दाखवला असता तर माझं नाव खोडून तुम्ही पुन्हा ‘चूक माझी’ असंच लिहून ठेवलं असतंत.