गिरणीवाल्याची चाल

नांदेडच्या आमच्या ऑर्केस्ट्रात त्याला सगळे गिरणीवाला म्हणत. मुदखेडला बापाची पिठाची गिरणी होती. तिच्या आवाजावरच आपण ताल शिकलो, असं तो सांगे. स्टेजवर बेस गिटार खांद्याला आणि साधी गिटार खुर्चीला टेकवलेली. गिटारवाला उशिरा आला, की मुखड्याला ही, अंतऱ्याला ती. रेडिओवर कुठलं तरी परदेशी स्टेशन पकडून जाझ ऐकायचा आणि लावणीखालीसुद्धा तेच घुसवायचा.

“सुमे, बेस कुणालाच ऐकू येत न्हाई,” तो म्हणायचा, “बंद पडला की मात्र समदे माना वळवतेत.”

मी तिथली गायिका. दोन वेण्या, नायलॉनची साडी आणि डोक्यात भुसा. “घरचं काही तरी म्हण,” असं तो एकदा म्हणाला, तर मी आईची जात्यावरची चाल म्हणून दाखवली. दर दोन ओळींनंतर आई जात्यात मूठभर ज्वारी टाकायची, म्हणून मीही तिथं सवयीनं थांबले. “ही गप्प जागा लई भारी हाय,” म्हणत त्यानं ती चाल आठ दिवस बेसवर घोटली. “मुंबईत माझी पहिली रेकॉर्ड हीच. गाणार तू.” या एका वाक्यावर मी जळकोटचं स्थळ परत पाठवलं आणि ट्रंक भरून ठेवली. काय ती हुशारी!

लातूरच्या कार्यक्रमात मध्यंतरानंतर मी गायला उभी राहिले, तर खाली बेसच नाही. गडी न सांगता मुंबईला निघून गेला होता. सगळ्यांनी माना वळवल्या, हे खरं. पण माझ्याकडे.

तिकडे तो मोठा झाला. हॉटेलांत वाजवलं, परदेशात वाजवलं. उभा बेस, गिटार, हातात येईल ते. पत्र एकही नाही. ट्रंकेतल्या साडीला कसर लागली, तेव्हा कुठं माझी अक्कल जागी झाली. जळकोटची माणसं भली, पुन्हा विचारायला आली.

परवा नातीनं मोबाइलवर त्याची मुलाखत लावली. पांढरी दाढी, बेसच्या गळ्यात हात. म्हणाला, “ही चाल माझ्या आईची. पहाटे ती जात्यावर दळायची.” आणि वाजवू लागला. दोन ओळी, मग ती गप्प जागा. माझी मूठ आपोआप उघडली.

“आजी, रडायलीस का?”

“रडतंय माझं खेटर! त्याच्या खाली लिही.”

“काय लिहू?”

“लिही, घरात गिरणी असताना तुझी आई जात्यावर कशाला दळत होती रे?”