दामूअण्णा, शिकाऊ कारागीर

दामूअण्णांच्या डाव्या खांद्यावर कायम एक नॅपकिन असायचा. त्याचं टोक बरोबर छातीवरच्या खिशावर येई आणि सरकलं की अण्णा ते परत जागेवर आणत. त्या खिशावर लावलेल्या बिल्ल्यावर इंग्रजीत आणि अरबीत 'शिकाऊ' असं लिहिलेलं होतं. अण्णांची साठी जवळ आली होती. कराडच्या बाजूच्या त्यांच्या गावात निम्म्या पंचक्रोशीच्या दाढ्या त्यांनी केल्या होत्या, आणि तीन पिढ्यांची जावळं काढली होती.

आमच्या शारजातल्या इमारतीखाली सुरेशचं सलून होतं. सुरेश अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला. गावातलं अण्णांचं दुकान रस्ता रुंद करताना पाडलं गेलं, तेव्हा सुरेशने त्यांना इकडे बोलावून घेतलं. "माझ्या हातात कात्री अण्णांनी दिली. ते घरी बसून राहिले तर मला जेवण गोड लागेल का, साहेब?" असं तो मला म्हणाला होता. ते त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

अडचण परवान्याची होती. प्रत्येक कारागिराचं स्वतःचं कार्ड लागे आणि कार्डासाठी कुठल्या तरी शाळेचं प्रमाणपत्र. अण्णा शिकले ते वडिलांकडून, गावच्या पारावर. त्याचं प्रमाणपत्र कोण देणार? मग कुणीतरी सुरेशला सांगितलं, की शिकणाऱ्याला कार्डाची सूट आहे. त्याने कार्डवाल्या उस्तादाच्या नजरेखाली काम करायचं आणि वस्तऱ्याला हात लावायचा नाही, एवढंच. नियम काही वाईट नव्हता. नवख्याच्या हाती कोण आपला गळा देईल? सुरेशला तो सोयीचा वाटला. त्याने अण्णांना स्वतःचा शिष्य म्हणून नोंदवून टाकलं, आणि आपण गुरूची केवढी सोय केली, या आनंदात राहिला.

अण्णांनी मात्र ही गोष्ट गावी कळू दिली नाही. फोनवर बायकोला ते एवढंच सांगत, "सुरेशच्या दुकानात असतुया." एकदा माझ्या मुलाने नॅपकिनखालचा बिल्ला वाचला आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा, ही इज अ ट्रेनी? बट ही इज सो ओल्ड!" अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते कानशिलापर्यंत लाल झाले. मग त्याच्याच डोक्यावर पाणी मारत म्हणाले, "बाळ, मान ढिली सोड. ताठ मानंचं केस वाकडं कापलं जात्यात."

वस्तरा ते वापरत नसत, असं मात्र नाही. जुनी मराठी गिऱ्हाइकं अडून बसत, दाढी अण्णांकडूनच हवी. सुरेश दाराकडे एक नजर ठेवून म्हणे, "करा अण्णा, यल्ला, पटकन करा." आणि अण्णा करत. गालावरून वस्तरा फिरताना नुसतं गार लागायचं, धार जाणवायची नाही. "धारंला घाई चालत न्हाई," ते म्हणत, "आन् आपल्यालाबी."

एका शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या खुर्चीत होतो. अर्धा गाल झाला होता, वस्तरा गळ्याशी होता, आणि दार उघडून तपासनीस आत आला. हे नेहमीचंच आहे असं त्याला कळलं असतं तर दुकानाला टाळं लागलं असतं. सुरेश शेजारच्या खुर्चीवरून झेपावला, त्याने अण्णांच्या हातातला वस्तरा हिसकावला आणि हिंदीत ओरडला, "कितनी बार बोला तेरे को, उस्तरा नहीं छूने का! कुछ आता नहीं तेरे को! किसने बिठाया इधर?"

अण्णांनी मान खाली घातली. दोन्ही हात पोटाशी बांधले. "सॉरी मास्टर," ते म्हणाले, "गलती हो गया."

तपासनिसालाच कसंतरी झालं असावं. तो मोडक्या हिंदीत सुरेशला म्हणाला, "खलास, खलास. बुढ्ढा आदमी है, हबीबी. आराम से सिखाओ." एक ताकीद देऊन तो गेला. परक्या माणसाने ठेवलेली ती अदब पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरसा समोरच होता, पण वर बघवेना. सुरेश अण्णांच्या पायाशी वाकला, तर अण्णांनी पाय मागे घेतले. "दुकानात नगं. गिऱ्हाईक बसलंय."

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम त्यांच्याच खुर्चीत बसलो. "अण्णा, कात्रीला तर नियमाची ना नाही." त्यांनी माझे केस विंचरले, कात्री उचलली आणि ती कानापाशी तशीच राहिली. "साहेब, तुमी सुरेशकडनं घ्या," ते हळू आवाजात म्हणाले. "हात मलाच इचारतुया, तुला येतंय का म्हनून." त्यानंतर ते झाडू मारत, टॉवेल धुऊन वाळत घालत, चहा आणत. म्हणजे खरोखरच शिकाऊ माणूस करतो ती सगळी कामं.

महिन्याभरात ते परत निघाले. दुपारी दुकान बंद असताना निरोप घ्यायला मी खाली गेलो, तेव्हा सुरेश त्यांची बॅग धरून रडत होता. "अण्णा, मला पायताणानं मारा, पण असं जाऊ नका. ते सगळं नाटक होतं हो. त्या माणसापुढं दुसरं काय करणार होतो मी? माझ्या मनात तसं काही नव्हतं."

अण्णांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला काय कळत न्हाई व्हय, लेकरा? तू नाटकच केलंस. तुझ्यावर राग न्हाई माजा." त्यांनी त्याच्या हातातून बॅग घेतली. "पन मी 'सॉरी मास्टर' म्हनलो न्हवं, ते नाटक न्हवतं रं. भ्यालो हुतो मी तुला."