आधी घर दाखवा

"आता आधी घर दाखवा."

आमच्या डॉक्टरबाईंचं हे ठरलेलं वाक्य होतं. मूल ऐकत नाही, मारतं, शाळेत बसत नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की बाई त्या मुलाबरोबर सरळ फरशीवर मांडी घालायच्या. खेळता खेळता त्याची नखं, हिरड्या, पोट सगळं तपासून व्हायचं. मग आईबापांकडे मान वळवून हे वाक्य. लोक चक्रावत. आजार मुलाला, घर कशाला पाहायचं?

दुर्गजवळच्या स्मृति नगरात त्यांचा दवाखाना होता. माहेर गोंदियाकडचं, वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण दुर्गच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. पेशंटशी हिंदी, आज्ज्यांशी छत्तीसगढी, आणि आपलं माणूस दिसलं की अस्सल नागपुरी. एकदा एक आई मुलासाठी डोक्याचं टॉनिक मागत होती, कारण बाप रोज त्याला "गधा" म्हणत होता. बाई म्हणाल्या, "टॉनिक देते, पण ते बापाले पाजा."

माझी त्यांची खरी ओळख एका मुलीमुळे झाली. मी जामुलजवळच्या एका छोट्या शाळेत पहिलीला शिकवते. त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती, हडकुळी, मोठ्या डोळ्यांची. ती क्षणभर एका जागी बसत नसे. कोणी हात लावला की चावायची. मध्येच पोट धरून कोपऱ्यात पडून राहायची. कालची अक्षरं आज पुसून गेलेली असत. पालकांच्या तक्रारी वाढल्या आणि हेडमास्तरांनी तिचं नाव काढायचं ठरवलं. मी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली, तिला आणि तिच्या आईला घेऊन दवाखाना गाठला.

बाईंनी नेहमीसारखं तपासलं. मग आईला विचारलं, "घरवाला का करते?"

"बॅटरीचं काम, मॅडम. पहिले सिमेंट फॅक्टरीत ठेक्यावर होते. ठेका गेला."

बाईंचा चेहरा बदलला. "घरीच करते का?"

"हो. आंगनात."

रक्त तपासायला पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी बाई मला स्कूटरच्या मागे बसवून जामुलला घेऊन गेल्या. अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडून टाकलेल्या, मधे चूल, चुलीवर लोखंडी कढई. त्यात शिसं वितळवून मुलीचा बाप त्याच्या लाद्या पाडत होता. सगळीकडे राखाडी भुकटी. ती मुलगी त्या भुकटीत बोटाने रेघा ओढत होती, आणि दुसऱ्या हातात पोळी होती.

बाईंनी आधी तिला उचललं, नळाखाली तिचे हात धुतले आणि मग बापाशी बोलल्या.

"भाऊ, हे शिसं पोरीच्या पोटात जाऊन राहिलं. पोटातून डोक्यात."

"मी तर रोज यातच असतो," तो म्हणाला. "मले काही होत नाई, मंग तिले कावून होईल?"

"तुलेही होते, पण हळू. तू सिमेंटवाला माणूस. ओल्या स्लॅबवर पाय पडला तर का होते?"

"ठसा उमटते."

"आन् वाळल्यावर?"

"मंग नाई उमटत."

"तू वाळलेला आहेस. हिचा मेंदू आजूक ओला आहे."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्याने कदाचित ऐकून घेतलं असतं. पण बाईंनी त्याच्या बायकोच्या दंडावरचा काळानिळा डाग पाहिला होता. त्या म्हणाल्या, "आन् हे मारणंही बंद कर. पोरगी पाहते ना. शिसं एक जहर, घरातला धाक दुसरं. दोन्ही एकाच पोरीवर पडून राहिले."

तो भडकला. "तुमी डॉक्टर हाव, पोलीस नाई!"

मी मागे सरकले. बाई मात्र उंबऱ्यावर बसल्या. "पोलीस नाई म्हणूनच बसली. चहा पाज." आणि लगेच, "इथला नको. नाक्यावरच्या टपरीतून आण." आणि तो खरंच केटली घेऊन गेला. चहा पिता पिता पहिल्यांदा त्याने सांगितलं की ठेका सुटल्यापासून त्याला झोप येत नाही, कोणाचंही तोंड पाहिलं तरी संताप येतो.

रक्ताचा अहवाल वाईट आला. मुलीला काही दिवस मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. नंतर बाईंनी आई-मुलीला शहरात सेक्टर १० मधल्या, मुलीच्या मावशीच्या क्वार्टरमध्ये राहायला लावलं. "आंगन साफ होईपर्यंत पोरगी परत येणार नाई," हा त्यांचा हुकूम. बापाने महिनाभर तोंड फिरवलं. बाई तरी जात राहिल्या. एका पेशंटच्या वडिलांचा सिमेंटच्या विटा पाडायचा कारखाना होता, तिथे त्यांनी त्याला काम लावून दिलं. मग कुठे कढई हलली. वरची माती खरवडून नेली, अंगणात कोबा झाला.

शाळेतही बाई आल्या. हेडमास्तर म्हणाले, "पण बाकीच्या मुलांचं काय?"

"कोणाकोणाले चावली ते सांगा. सगळे माझेच पेशंट आहेत."

ते हसले आणि नाव राहिलं. मग बाईंनी मला सांगितलं, "तिले दाराजवळ बसव. उठावंसं वाटलं तर उठू दे. तू ओरडू नको. इथंही भीतीच भेटली तर माझं औषध अर्धं वाया."

मी तसंच केलं. चावणं थांबलं, पोटदुखी गेली. दुसरीच्या अखेरीस ती अडखळत वाचायला लागली. गणित मात्र आजही तिला जड जातं, आणि राग पटकन येतो. मी एकदा बाईंना विचारलं होतं, "बाई, सगळं भरून येईल ना?"

"किती येईल ते मी सांगत नाई. होतं ते जाणं थांबलं, हे पक्कं. आता रोज थोडं थोडं देत राहू."

बाई मागच्या थंडीत गेल्या. झोपेतच. ती बातमी सांगायला मी जामुलला गेले. मुलगी आता आठवीत आहे, उंच झाली आहे. अंगणात पाणी भरत होती. मी सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग भरलेली बादली लाथेने उडवली आणि धाडकन दार लावून आत गेली.

मी बापाकडे पाहिलं. वाटलं, आता हा तिच्यावर हात उचलतो की काय.

तो उठला. बादली सरळ केली, पुन्हा नळाखाली लावली. दाराजवळ गेला, पण दार वाजवलं नाही. तिथेच पायरीवर बसला.

"येते ती, मॅडम," तो हळूच म्हणाला. "घाई नाई करायची. थोडा टाइम लागते तिले."

आतून रडण्याचा आवाज येत होता. आम्ही ती बाहेर येण्याची वाट पाहत बसलो.