इस्टेट गाडीला परवानगी

"मॅडम, ही रेस आहे. ही काय शाळेची व्हॅन आणताय?"

शहासाहेबांनी फोटो टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला. अंधेरीच्या एमआयडीसीत त्यांच्या ऑफिसात आम्ही सातजण बसलो होतो. आमच्या रेसिंग क्लबची नियम कमिटी. शहासाहेब तिचे चेअरमन. विषय एकच होता: पुढच्या सीझनला टूरिंग कार रेसमध्ये कोणत्या आकाराच्या गाड्या चालवू द्यायच्या.

टूरिंग कार म्हणजे तुमच्या-आमच्या बिल्डिंगखाली उभ्या असतात त्याच गाड्या, आतून रेससाठी तयार केलेल्या. मागची सीटं काढतात, आत पोलादी पाइपांचा पिंजरा बसवतात. पण बाहेरून गाडी ओळखू यायला हवी, म्हणून आकाराचं महत्त्व. सेडान म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली. हॅचबॅक आखूड, तिचं मागचं दार काचेसकट वर उघडतं. कूपे दोन दारांची, बुटकी. आणि इस्टेट म्हणजे सेडानचीच बहीण, फक्त छप्पर सरळ मागच्या बंपरपर्यंत नेलेलं. सामानाला भरपूर जागा.

फोटोतली गाडी इस्टेट होती.

माझं काम सांगते. मी पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं ऑटोमोबाइल शिकवलं. रिटायर झाल्यावर क्लबने मला चीफ स्क्रुटिनियर केलं. रेसच्या आधी प्रत्येक गाडी तपासायची, नियमात बसत असेल तर कार्डावर सही करायची. सही नसेल तर गाडी ट्रॅकवर जात नाही. मानधन नाही, मान आहे, आणि चहा मिळतो.

"लांब छपरामुळे हवा सरळ मागे निघून जाते. इस्टेटला सरळ रस्त्यावर फायदा," सेडान पळवणारे एक टीमवाले म्हणाले.

"आणि मागे वजन वाढतं, ते वळणावर नडतं," मी म्हणाले. "दोन्ही मोजून बघा आणि मग बोला."

"मोजायचं नंतर," शहासाहेब म्हणाले. "स्पॉन्सरला मी काय दाखवू? लोक म्हणतील ॲम्ब्युलन्स पळतेय. सेडान आणि हॅचबॅक, बस. आज ड्राफ्ट करू, तीन आठवड्यांनी फायनल."

भांडायला तीन आठवडे होते आणि मी भांडायचं पक्कं केलं होतं. कारण ती गाडी मिलिंदची होती.

मिलिंद गायकवाड माझा विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर, वर्कशॉपमध्ये सगळ्यात पुढे. घाटकोपरला असल्फ्यात त्याचं गॅरेज आहे. ती इस्टेट त्याने बायकोसाठी घेतली होती. कविता लग्नाच्या, बारशाच्या जेवणांच्या ऑर्डर्स घ्यायची. मोठमोठे टोप मागे मावायला हवेत म्हणून इस्टेट. ते मॉडेल फारसं खपलं नाही, कंपनीने लवकरच बंद केलं, पण मिलिंदने गाडी नव्यासारखी ठेवली. सुजाता, त्यांची मुलगी, त्याच गाडीवर शिकली. आईच्या ऑर्डर्स पोचवताना घाटकोपरच्या चढावर आमटीचा थेंब न सांडता गाडी चढवायची. मी एकदा शेजारी बसले होते, म्हणून खात्रीने सांगते. त्या मुलीच्या पायात ब्रेक होता.

कविता कॅन्सरने गेली. त्यानंतर गाडी वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती. मग एक दिवस सुजाताच म्हणाली, "बाबा, हिला रेसला नेऊ या." मिलिंदने दीड वर्ष रविवार पाहिला नाही की सण पाहिला नाही. पिंजरा बसवला, इंजिन उघडून परत बांधलं. दारावर बारीक अक्षरात कविताचं नाव लिहिलं. ती गाडी पळावी यापलीकडे त्याला काही नको होतं. स्पर्धा जिंकायची आहे असंसुद्धा तो कधी म्हणाला नाही.

मीटिंग संपवून मी चकाल्याच्या मेट्रो स्टेशनवर उभी होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"जय भीम मॅडम. काय झालं?"

"जय भीम. इस्टेट नको म्हणतायत रे. सेडान आणि हॅचबॅक, बस."

मग म्हणाला, "ठीक आहे मॅडम. बघतो."

समोर मेट्रो आली, मी फोन ठेवला. हे अजून फायनल नाही हे मी त्याला सांगितलं नाही. मी भांडणार आहे हेही सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. आधीच खचलेला माणूस, त्याला खोटी आशा कशाला लावायची, असा माझा शहाणपणा.

वर्कशॉपमध्ये मी दरवर्षी पहिल्या दिवशी पोरांना एकच गोष्ट सांगायचे. नियमाशी वाद घालायचा नाही. नियम वाचायचा आणि गाडी त्यात बसवायची. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते ऐकून सोडून दिलं असेल. मिलिंद सोडणाऱ्यातला नव्हता. आणि त्याचं 'बघतो' म्हणजे इतरांसारखं टाळणं नसतं. तो 'बघतो' म्हणाला की काम सुरू झालेलं असतं. इतकी वर्षं ओळखत असून मला हे त्या दिवशी आठवलं नाही.

मधले तीन आठवडे मी तयारी केली. दोन्ही आकारांची वजनं काढली, पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार काढला, जुन्या रेसचे टायमिंग जमवले. टीमवाल्यांना एकेकट्याला गाठून समजावलं. दुसऱ्या मीटिंगला मी फाइल घेऊन गेले. आकडे पाहून सेडानवाले नरमले. पण त्यांची एक शंका खरी होती.

"मॅडम, उद्या कोणी साधी सेडान कापेल आणि तिला लांब छप्पर जोडेल. मग?"

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या जुन्या नियमात स्क्रुटिनियरच्या परवानगीने मागचा पत्रा कापून जोडायला मुभा होती. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"ती मुभा काढून टाकू. गाडीचं शेल, म्हणजे पत्र्याचा मूळ सांगाडा, कंपनीतून आला तसाच हवा. छपराला किंवा ते तोलणाऱ्या खांबांना एक काप, एक जोड दिसला तरी गाडी बाद. मग सेडान आणा, हॅचबॅक आणा, इस्टेट आणा."

शहासाहेब हसले. "हे बरंय. स्पॉन्सरला मी समजावतो. लिहा तुम्हीच."

मी लिहिलं. सगळ्यांनी हात वर केले. कूपे तेवढ्या बाहेर राहिल्या, पण त्यांच्यासाठी तिथे कोणी रडणारं नव्हतं. मी इतकी खूश होते की पार्ल्याला घरी न जाता सरळ असल्फ्याला निघाले. वाटेत बर्फी घेतली. मिलिंदला फोन केला नाही, समोर जाऊनच सांगायचं होतं.

गॅरेजात बापलेक दोघंही होते. मला बघून मिलिंदचा चेहरा फुलला. दाढी वाढलेली, डोळे वेल्डिंगने लाल.

"बरं झालं आलात. मी उद्या परवानगीसाठी फोन करणारच होतो. मॅडम, आधी माझं बघा."

त्याने ताडपत्री ओढली.

खाली सेडान उभी होती. तीच गाडी, तोच रंग, दारावर कविताचं नाव. मागचं लांब छप्पर गेलं होतं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याच कंपनीच्या सेडानचा मागचा भाग आणून त्याने तो जोडला होता. हात फिरवला तरी सांधा लागत नव्हता. माझ्या आयुष्यात मी इतकं सुबक काम पाहिलेलं नाही. भिंतीला टेकून तो कापलेला भाग उभा होता, मागचा वायपर अजून त्यावरच होता.

"तीन आठवडे दुसरी गाडी हातात घेतली नाही," तो म्हणाला. "पहिला कट मारायलाच दोन दिवस लावले, खोटं नाही बोलत. पण तुम्हीच शिकवलंय ना, नियमात बसवायची. बसवली."

मी बाजूच्या टायरवर बसले. पिशवीतून नियमाचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो एकदा वाचला, मग बोट ठेवून पुन्हा वाचला.

"म्हणजे होती तशी चालली असती?"

"हो."

"आणि आता?"

"आता नाही, मिलिंद."

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कागद नीट घडी करून मला परत दिला.

"परत जोडतो," तो म्हणाला. "मूळचाच पार्ट आहे. होता तिथेच जाईल."

"जोडलेली चालत नाही रे."

"तुम्ही बघा तर."

बर्फीचा बॉक्स पिशवीतच राहिला.

घरी आल्यावर मी शहासाहेबांना फोन केला. नाव घेतलं नाही. "समजा, एखादी गाडी हा नियम व्हायच्या आधीच कापलेली असेल, तर एक सीझन सूट देता येईल?"

"कोणाची गाडी?"

"कोणाची नाही. विचारलं."

"मॅडम, नियम तुमचा. पहिल्याच वर्षी तुम्हीच भोक पाडणार? मग त्या सेडानवाल्यांना काय सांगू?"

मी फोन ठेवला. त्या नियमाच्याच जोरावर तर मी त्यांची मतं मिळवली होती.

तसं दुसरं शेल शोधायचाही प्रयत्न केला. कुर्ला पालथं घातलं, पुण्या-नाशिकचे जुने विद्यार्थी कामाला लावले. बंद पडलेलं मॉडेल, जी सापडली ती गंजून चाळण झालेली.

सीझनची तपासणी मुलुंडला, चेकनाक्याजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनमध्ये होती. तिथून गाड्या ट्रेलरवर चढून दक्षिणेतल्या ट्रॅकवर जाणार होत्या. मिलिंद गाडी घेऊन आला. इस्टेट. होती तशी, जणू कधी करवत लागलीच नव्हती.

आमच्याकडे तपासायची एक साधी पद्धत आहे. छोटं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे कापलेलं लपवायला पुट्टी भरलेली असते, तिथे ते सुटून पडतं. माझ्या सहायकाने चुंबक छपरावर फिरवलं, खांबांवर फिरवलं. कुठेही सुटलं नाही. मिलिंदने पुट्टी वापरलीच नव्हती, सगळा पत्रा ठोकून सारखा केला होता. चुंबक फिरवायला त्यालाही मीच शिकवलं होतं.

"ओके आहे मॅडम. झकास गाडी," सहायक म्हणाला आणि कार्ड माझ्यापुढे धरलं.

सुजाता हेल्मेट काखेत घेऊन उभी होती. "मी कुठे साइन करू, मॅडम?"

मी मिलिंदला बाजूला घेतलं.

"तुम्हाला माहीत आहे म्हणून," तो हळू आवाजात म्हणाला. "नाहीतर कळलं असतं?"

"नसतं कळलं."

"मग?"

"खांबाच्या आत पत्र्याचे तीन थर असतात. बाहेरचा तू जोडलास. आतले दोन तुला बाहेरून जोडता आले का?"

त्याने मान खाली घातली. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "एक आला. दुसरा अर्धा."

"आणि गाडी उलटली तर आत कोण आहे?"

तो सुजाताकडे बघत राहिला. मी परत जाऊन कार्डावर लाल पेनाने रेघ मारली आणि कारण लिहिलं: शेलला जोड. अक्षर माझं मलाच ओळखू येईना. शहासाहेब लांबून बघत होते, त्यांना तेव्हा कळलं गाडी कोणाची ते. जवळ येऊन ते फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

सुजाताने कार्ड वाचलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "मॅडम, बाबांनी दोन्ही वेळा तुमच्यावरच विश्वास ठेवला. कापलं तेव्हा पण, आणि आता खरं बोलले तेव्हा पण."

मग तिने हेल्मेट गाडीत ठेवलं आणि स्वतः चालवत गाडी घाटकोपरला घेऊन गेली. मिलिंद शेजारी बसला होता. मी गोडाऊनच्या मागे जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुढची गाडी तपासायला घेतली. अजून अकरा बाकी होत्या.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. दर चौदा एप्रिलला मिलिंदच्या घरून माझ्याकडे खीर यायची, कविता गेल्यावरसुद्धा आली होती. या दोन वर्षांत आली नाही. मी एकदा गॅरेजला जाऊन आले. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, "मॅडम" म्हणाला, सगळं रीतीने. गाडी ताडपत्रीखाली होती. तिच्याविषयी आम्ही दोघंही बोललो नाही. सुजाता आता एका टायर कंपनीत नोकरी करते. रेस सोडली तिने.

नव्या स्क्रुटिनियरना मी आता पहिल्या दिवशी दुसरंच काहीतरी शिकवते. नियम कच्चा असताना कोणी विचारलं तर फक्त 'अजून ठरलेलं नाही' एवढंच सांगायचं, आणि समोरच्याने ते नीट ऐकलंय याची खात्री केल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. फोन ठेवायची घाई असेल तर उचलायचाच नाही.

इस्टेटला परवानगी देणारा नियम अजून पुस्तकात आहे, मी लिहिला तसाच. आजवर त्या नियमाखाली एकही इस्टेट ट्रॅकवर उतरलेली नाही.